भारत–अमेरिका कुक्कुटमांस आयात वाद

भारत–अमेरिका कुक्कुटमांस आयात वाद हा जागतिक व्यापार संघटनेसमोर २०१२ ते २०२४ या काळात चाललेला आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक तंटा होय. संघटनेच्या दप्तरी त्याची नोंद डीएस४३० या क्रमांकाने झाली आहे. बर्ड फ्लूची लागण झालेल्या देशांतून कोंबडीचे मांस, अंडी आणि जिवंत पक्षी आणण्यास भारताने घातलेल्या बंदीला अमेरिकेने या तंट्याद्वारे आव्हान दिले. निकाल भारताच्या विरोधात गेला. पुढे दोन्ही देशांनी परस्परसंमतीने तो मिटवला.

आयात मांसासाठी एखाद्या देशाने कोणते निकष लावावेत, ते न्याय्य केव्हा ठरतात आणि केव्हा ते केवळ देशी उत्पादकाच्या संरक्षणाचे साधन बनतात, या प्रश्नाच्या अभ्यासात हा वाद महत्त्वाचा मानला जातो. महाराष्ट्राशी त्याचा दुहेरी संबंध आहे. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. तसेच देशातील संघटित कुक्कुट व्यवसायाचे एक प्रमुख केंद्र पुणे हे आहे.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात भारताने परकीय चलनाच्या टंचाईचे कारण देऊन अनेक वस्तूंच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध ठेवले होते. अमेरिकेने १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत त्यांविरुद्ध तक्रार केली. १९९९ मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध उठवण्यात आले. त्यानंतर देशी कुक्कुटपालनाला परदेशी मालापासून मिळणारे संरक्षण मुख्यतः आयातशुल्कावर अवलंबून राहिले. कोंबडीच्या तुकड्यांवर, म्हणजे प्रामुख्याने तंगडीवर, भारताने १०० टक्के शुल्क ठेवले.

तंगडीवरच एवढा भर असण्याचे कारण ग्राहकांच्या आवडीनिवडीत आहे. अमेरिकेत छातीच्या पांढऱ्या मांसाला मागणी अधिक असून ते महाग विकले जाते. तंगडीच्या गडद मांसाला तेथे तुलनेने कमी भाव मिळतो. पक्ष्याच्या संगोपनाचा बराचसा खर्च छातीच्या मांसातून वसूल होत असल्याने तंगडी गोठवून परदेशी स्वस्तात विकणे तेथील कंपन्यांना परवडते. भारतात याच्या उलट स्थिती आहे. येथे रश्शासाठी हाडासकट मांस लागते आणि लेगपीसला विशेष पसंती असते. त्यामुळे एका देशात दुय्यम ठरणारा भाग दुसऱ्या देशातील सर्वांत आवडत्या भागाशी स्पर्धा करू शकतो.

असा अनुभव इतर देशांनीही घेतला आहे. सोव्हिएत संघात व नंतर रशियात १९९०च्या सुमारास आलेल्या अमेरिकी तंगड्या तत्कालीन अमेरिकी अध्यक्षांच्या नावावरून ‘बुशचे पाय’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. दक्षिण आफ्रिकेने २००० साली अमेरिकी तंगडीवर मूल्यावपातविरोधी शुल्क लावले. २०१५ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार त्या देशाने वर्षाला ६५,००० टन माल या अतिरिक्त शुल्काविना येऊ देण्याचे मान्य केले.

नवापूरचा प्रादुर्भाव

नवापूर हे महाराष्ट्र–गुजरात सीमेवरील, सुरत–भुसावळ लोहमार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारी अनेक मोठी केंद्रे या परिसरात होती. २००६ च्या सुरुवातीला तेथे मोठ्या प्रमाणावर कोंबड्या मरू लागल्या. भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत नमुन्यांची तपासणी झाली आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी एच५एन१ या विषाणूची लागण झाल्याचे जाहीर करण्यात आले. भारतातील ही पहिली अधिकृत नोंद होय. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही लागण आढळली.

संसर्गस्थळापासून ३ किलोमीटरच्या परिघातील सर्व कोंबड्या मारून पुरण्यात आल्या, अंडी व खाद्य नष्ट करण्यात आले आणि १० किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यावर पाळत ठेवण्यात आली. या मोहिमेत लाखो पक्षी नष्ट झाले. माणसाला लागण झाल्याचे निष्पन्न झाले नाही. तरीही राज्यभर कोंबडी व अंड्यांची मागणी एकदम घसरली. लागण न झालेल्या जिल्ह्यांतील कुक्कुटपालकांनाही उत्पादनखर्चाहून कमी भावात पक्षी विकावे लागले. लोकांच्या मनातील भीती जावी म्हणून ठिकठिकाणी सार्वजनिक रीत्या कोंबडी व अंडी खाण्याचे कार्यक्रम झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात बर्ड फ्लूची लागण पुन्हा आढळली आणि पक्षी नष्ट करण्याची मोहीम तेथे दुसऱ्यांदा राबवावी लागली.

आंतरराष्ट्रीय वादाच्या दृष्टीने या मोहिमेतील एक बाब निर्णायक ठरली. नवापूरला लागण झाली म्हणून संपूर्ण महाराष्ट्रातील किंवा संपूर्ण भारतातील कोंबडीची विक्री थांबवण्यात आली नव्हती. निर्बंध ठरावीक परिघापुरते होते. नवापूरपासून दूर असलेल्या पुणे, सांगली वा कोल्हापूर जिल्ह्यातील कोंबडी बाजारात कायदेशीरपणे विकता येत होती.

आयातबंदी

परदेशातून येणाऱ्या जनावरांचे व प्राणिजन्य पदार्थांचे नियमन भारतात पशुधन आयात अधिनियम, १८९८ या कायद्याखाली होते. या कायद्यातील अधिकार वापरून केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २००७ पासून बर्ड फ्लूग्रस्त देशांमधील आयातीवर बंदी घालणाऱ्या अधिसूचना काढल्या. वादाचा विषय ठरलेली अधिसूचना १९ जुलै २०११ची आहे. जिवंत पक्षी, एक दिवसाची पिल्ले, उबवणीची व खाण्याची अंडी, कच्चे कुक्कुटमांस, पिसे आणि जिवंत डुकरे यांचा तीत समावेश होता.

बर्ड फ्लूच्या विषाणूंचे रोगकारकतेनुसार दोन गट केले जातात. अतितीव्र गटातील विषाणूमुळे कोंबड्यांचे कळप थोड्याच दिवसांत नष्ट होतात. सौम्य गटातील विषाणूमुळे लक्षणे अत्यल्प दिसतात, किंवा दिसतही नाहीत. भारताची बंदी दोन्ही गटांना लागू होती. तसेच देशाच्या एखाद्या कोपऱ्यात लागण झाली, तरी त्या संपूर्ण देशातील मालाला ती लागू होई. अमेरिकेचे म्हणणे असे होते की, २००४ नंतर आपल्याकडे अतितीव्र प्रकारची लागण आढळलेली नाही. जी आढळली ती सौम्य प्रकारची होती, आणि तेवढ्यासाठी संपूर्ण देशाचा माल नाकारणे अवैज्ञानिक आहे.

एसपीएस कराराची चौकट

माणसे, प्राणी व वनस्पती यांच्या आरोग्यासाठी केलेल्या आयातनियमांना जागतिक व्यापार संघटनेचा एक स्वतंत्र करार लागू होतो. तो एसपीएस करार या संक्षिप्त नावाने ओळखला जातो व १ जानेवारी १९९५ पासून अमलात आहे. त्यातील प्रमुख तत्त्वे पुढीलप्रमाणे सांगता येतात :

अधिकार – आपल्या देशात आरोग्यरक्षणाची पातळी किती उंच ठेवायची, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सदस्यदेशाला आहे.

शास्त्रीय आधार – नियमाला पुरेसा शास्त्रीय पुरावा हवा. त्यासाठी जोखमीचे मूल्यमापन करणे आवश्यक असते.

आंतरराष्ट्रीय मानके – नियम शक्यतो मान्य मानकांवर आधारलेले असावेत. अन्नसुरक्षेसाठी कोडेक्स आयोगाची आणि पशुरोगांसाठी जागतिक पशुआरोग्य संघटनेची मानके ग्राह्य धरली जातात. १९२४ साली स्थापन झालेल्या या दुसऱ्या संघटनेचे मुख्यालय पॅरिसमध्ये असून ती पूर्वी ओआयई या नावाने ओळखली जाई.

भेदभावास मनाई – समान परिस्थितीत परदेशी मालाला एक न्याय व देशी मालाला दुसरा न्याय लावता येत नाही.

विभागांची दखल – रोगाची व्याप्ती देशाच्या राजकीय सीमांनुसार न मोजता प्रत्यक्ष रोगमुक्त व रोगग्रस्त प्रदेशांनुसार मोजली जावी.

सुनावणी व निष्कर्ष

अमेरिकेने ६ मार्च २०१२ रोजी भारताशी विचारविनिमयाची मागणी केली. त्यातून तोडगा न निघाल्याने त्याच वर्षी जूनमध्ये पॅनेल नेमण्यात आले. त्याचा अहवाल १४ ऑक्टोबर २०१४ रोजी प्रसृत झाला. भारताने त्याविरुद्ध अपील केले; अपील मंडळाचा अहवाल ४ जून २०१५ रोजी आला आणि मुख्य मुद्द्यांवर पॅनेलचे निष्कर्ष कायम राहिले.

भारताची भूमिका अशी होती की, आपली बंदी ओआयईच्या पशुआरोग्य संहितेस धरून आहे आणि म्हणून जोखमीच्या स्वतंत्र मूल्यमापनाची गरज नाही. पॅनेलने संहितेच्या अर्थाबाबत ओआयईकडेच विचारणा केली. सौम्य प्रकारच्या लागणीसाठी संपूर्ण देशातील मांसावर बंदी घालण्याची शिफारस संहितेत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला. संहितेचा आधार सुटल्यावर मूल्यमापन दाखवणे भारताला भाग होते, आणि ते झालेले नव्हते.

दुसरा महत्त्वाचा निष्कर्ष भेदभावाविषयीचा आहे. त्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग व्याप्तीचा. भारतात लागण झाल्यावर निर्बंध संसर्गस्थळाभोवतीच्या मर्यादित परिघाला लागू होत. परदेशात लागण झाल्यावर मात्र संपूर्ण देशावर बंदी येई. दुसरा भाग पाळतीचा. सौम्य विषाणूच्या भीतीने परदेशी माल अडवला जात होता, परंतु हा सौम्य विषाणू देशातील कोंबड्यांमध्ये आहे की नाही, हे शोधून काढू शकेल अशी पाळतव्यवस्था भारतात नव्हती. जो रोग घरी शोधला जात नाही, त्याच्याच कारणावरून दुसऱ्याचा माल नाकारणे, हा पॅनेलच्या मते समर्थन न करता येणारा भेदभाव होता.

भारताने मांसाच्या आयातीवर कठोर निकष लावू नयेत, असे मात्र या निकालात म्हटलेले नाही. तसेच १०० टक्के आयातशुल्क हा या तंट्याचा विषय नव्हता आणि निकालाने त्याला धक्का लागला नाही.

अंमलबजावणी व तडजोड

निकालाच्या अंमलबजावणीसाठी भारताला १९ जून २०१६ पर्यंतचा अवधी मिळाला. या सुमारास अमेरिकेतील परिस्थितीही बदलली होती. डिसेंबर २०१४ ते जून २०१५ या काळात तेथे अतितीव्र बर्ड फ्लूची मोठी साथ आली. विशेषतः आयोवा व मिनेसोटा या राज्यांत सुमारे पाच कोटी पक्षी मेले किंवा मारावे लागले. अंमलबजावणीचा अवधी संपल्यानंतर भारताने २०१६ मध्ये सुधारित अधिसूचना काढली. तीही करारास धरून नाही, अशी अमेरिकेची तक्रार होती. अमेरिकेने वर्षाला ४५ कोटी डॉलरपर्यंतच्या प्रतिशुल्काची परवानगी मागितली. सुधारित नियम योग्य आहेत हे ठरवून घेण्यासाठी भारताने एप्रिल २०१७ मध्ये पुन्हा पॅनेलची मागणी केली.

यानंतर हा तंटा काही वर्षे रेंगाळला. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीतील जी-२० परिषदेच्या सुमारास दोन्ही देशांनी तो मिटवत असल्याचे जाहीर केले आणि मार्च २०२४ मध्ये तशी सूचना जागतिक व्यापार संघटनेला देण्यात आली. या समझोत्यात भारताने गोठवलेले टर्की व बदकाचे मांस, तसेच ब्लूबेरी व क्रॅनबेरी ही फळे यांच्यावरील शुल्क कमी करण्याचे मान्य केले. ज्या तंगडीमुळे वादाला धार आली होती, ती या यादीत नाही.

देशी कुक्कुटपालकांची बाजू

या वादात महाराष्ट्रातील कुक्कुट व्यवसायाचे हितसंबंध गुंतलेले होते. वेंकटेश्वरा हॅचरीज समूह आणि १९८२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती यांमुळे पुण्याला या व्यवसायात विशेष स्थान आहे. ग्रामीण भागात मांसल कोंबडीचे संगोपन प्रामुख्याने कराराने चालते. कंपनी पिल्ले, खाद्य व औषधे पुरवते. शेतकरी शेड, पाणी, वीज आणि श्रम पुरवतो व संगोपनाचा मोबदला घेतो. शेड उभारण्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते शेतकऱ्याच्या अंगावर असतात. बाजार पडला आणि कंपनीने पुढची पिल्ले टाकण्यास विलंब केला, तर रिकाम्या शेडचा भार त्यालाच सोसावा लागतो.

आयातीला विरोध करणाऱ्यांचे मुख्य मुद्दे तीन आहेत. अमेरिकेतील मका व सोयाबीन उत्पादकांना सरकारी साहाय्य मिळते, त्यामुळे तेथील खाद्य व पर्यायाने मांस स्वस्त पडते. तंगडी तेथे दुय्यम माल असल्याने तिची किंमत खऱ्या उत्पादनखर्चाची निदर्शक नसते. गोठवलेला माल किती काळ साठवलेला आहे, हे भारतीय ग्राहकाला सहजी समजत नाही. यातील पहिले दोन मुद्दे आर्थिक आहेत. त्यांवरील योग्य उपाय आयातशुल्क किंवा मूल्यावपातविरोधी कारवाई हा होय. तिसरा मुद्दा लेबल व शीतसाखळी यांच्या नियमांनी सुटू शकतो. रोगाच्या कारणावरून घातलेल्या बंदीवर या आर्थिक उद्दिष्टांचा भार टाकला, तर शास्त्रीय तपासणीत ती टिकत नाही, हे या निकालातून स्पष्ट होते.

आयातीचे समर्थन करणारे ग्राहकाच्या हिताकडे लक्ष वेधतात. स्वस्त प्रथिने मिळण्याचा लाभ गरीब कुटुंबांना होईल आणि स्पर्धेमुळे देशी व्यवसायातील स्वच्छता व रोगप्रतिबंधाचा दर्जा उंचावेल, असे त्यांचे म्हणणे असते.

उत्पादनपद्धतीविषयक निकष

वरील तंटा रोगाच्या प्रसाराविषयी होता. जनावर कसे वाढवले, त्याला काय खाऊ घातले आणि कोणती औषधे दिली, हा त्याहून वेगळा व अधिक कठीण प्रश्न आहे.

संप्रेरके : युरोपीय समुदायाने वाढीसाठी संप्रेरके दिलेल्या जनावरांचे मांस १९८९ पासून आयातीतही नाकारले. अमेरिका व कॅनडा यांच्या तक्रारींवर १९९८ मध्ये अपील मंडळाने या बंदीला जोखमीच्या मूल्यमापनाचा पुरेसा आधार नसल्याचे ठरवले. युरोपने बंदी उठवली नाही, परंतु त्याबद्दल १९९९ पासून अमेरिका व कॅनडा यांची प्रतिशुल्के सोसली. २००९ मध्ये अमेरिकेशी झालेल्या समझोत्यानुसार संप्रेरके न दिलेल्या उत्तम प्रतीच्या गोमांसासाठी वेगळा आयातकोटा ठेवण्यात आला.

प्रतिजैविके : वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास युरोपीय संघात मनाई असून, हीच अट आयात मांसाला लावणाऱ्या नियमाची तारीख ३ सप्टेंबर २०२६ ठरवण्यात आली आहे. भारतात कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या अन्नोपयोगी जनावरांतील वापरावर जुलै २०१९ मध्ये बंदी घालण्यात आली. मांस, दूध, अंडी व मत्स्योत्पादनात अनेक प्रतिजैविकांच्या वापराला मनाई करणारा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा सुधारित नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. असा नियम देशी शेडमध्ये प्रत्यक्षात पाळला गेला, तर तोच आयात मालाला लावण्याचा आधार भक्कम होतो.

पशुखाद्य : ज्या गाईम्हशींना रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे अवयव, रक्त वा मांस यांपासून केलेले खाद्य दिलेले नाही, त्यांच्याच दुधाचे पदार्थ आयात करता येतील, अशी अट भारताने घातली आहे. या अटीमागे लोकांच्या धार्मिक व सांस्कृतिक भावना आहेत. अमेरिकेतील दुग्धव्यवसायाचा या अटीला दीर्घकाळ आक्षेप असून, जून २०१९ मध्ये अमेरिकेने भारताची शुल्कसवलत काढून घेतली, त्यामागे हेही एक कारण होते.

जनुकीय बदल केलेले खाद्य : ऑगस्ट २०२१ मध्ये पेंडीचे भाव भडकल्यावर कुक्कुट व्यवसायाच्या मागणीवरून केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. आयातीच्या ठिकाणांत न्हावाशेवा बंदराचा समावेश होता. विदर्भ व मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादकांनी या निर्णयाला विरोध केला. अशा सोयाबीनच्या लागवडीस भारतात परवानगी नाही. म्हणजे देशी शेतकऱ्याला जे पिकवता येत नाही, ते आयात करून देशी कोंबडीला खाऊ घालता आले. एकच व्यवसाय मांसाच्या आयातीला विरोध करताना आणि खाद्याच्या आयातीची मागणी करताना दिसतो, तेव्हा न्याय्य निकषांचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे याची कल्पना येते.

निर्यातदार म्हणून महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्र परक्या देशांचे निकष पाळणारा निर्यातदारही आहे. भारतातून म्हशीचे मांस निर्यात करताना ते हाडविरहित असावे आणि अपेडा या केंद्रीय संस्थेकडे नोंदणी झालेल्या कत्तलखान्यातून यावे, अशा अटी आहेत. लाळखुरकूत रोगामुळे अनेक श्रीमंत देशांची बाजारपेठ या मांसाला बंद आहे. या रोगाच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला.

फळांच्या बाबतीत २०१० साली नाशिक–सांगली पट्ट्यातील द्राक्षबागायतदारांना असाच धक्का बसला. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश आढळल्याने युरोपात द्राक्षे अडकली. त्यानंतर बागेची नोंदणी, अंशतपासणी आणि पेटीपासून बागेपर्यंत माग काढण्याची व्यवस्था अधिक काटेकोर झाली. निकष अगोदर स्पष्ट सांगितलेले असतील, तपासणीची सोय जवळ असेल आणि पुरेसा अवधी मिळाला, तर कठोर निकषही पाळता येतात, हे या अनुभवातून दिसते. हीच अपेक्षा भारतात माल पाठवणारा परदेशी उत्पादकही बाळगू शकतो.

महत्त्व

आयात मांसाच्या निकषांविषयीच्या चर्चेत या वादाचा उल्लेख प्रामुख्याने तीन कारणांसाठी होतो. रोगग्रस्त प्रदेशांची दखल देशानुसार न घेता विभागानुसार घेण्याचे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. आंतरराष्ट्रीय मानकाचा केवळ उल्लेख पुरेसा नसून नियम त्यावर खरोखर आधारलेला असावा लागतो, हे स्पष्ट झाले. तिसरे कारण सर्वांत व्यापक आहे. आयात मालाला लावायची मोजपट्टी प्रथम स्वतःच्या गोठ्याला व शेडला लावावी लागते. नवापूरच्या कोंबडीसाठी १० किलोमीटरचे वर्तुळ आणि परदेशी कोंबडीसाठी संपूर्ण देश, हे दुहेरी माप टिकले नाही. देशातील रोगपाळत, प्रयोगशाळा व औषधवापराची नोंद जेवढी विश्वासार्ह असेल, तेवढा परदेशी मालाकडून तशाच दर्जाची मागणी करण्याचा देशाचा अधिकार बळकट होतो.

हेही पहा

जागतिक व्यापार संघटना
बर्ड फ्लू
नवापूर
कुक्कुटपालन
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण